मुराळ्यावाचून

सगुणाबाईने एरंडाचे पान चुलीवर शेकले, त्याला तेल चोपडले आणि नवऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर ठेवून वरून फडके आवळायला घेतले. आवळता आवळता तिचा हात थबकला. गुडघ्याला सूज नव्हती, हाताला तो कढतही लागत नव्हता. तीस वर्षांच्या संसारात या माणसाचा गुडघा कधी कुरकुरलेला तिला आठवत नव्हता. काल संध्याकाळी तर पाहुण्यांच्या दोन पिशव्या पाठीला मारून तो वेल्ह्यापासून केळदपर्यंत त्यांच्या पुढे चालत आला होता.

"लई दुखतंय व्हय?" तिने विचारले.

"ठणका मारतोय," गेनबा आढ्याकडे बघत म्हणाला. "पाऊल टाकवत न्हाई."

फडक्याची गाठ तेवढी तिने नीट मारली.

पाहुणे अंगणात बूट बांधत बसले होते. गंगाधर भोरच्या हायस्कुलात भूगोल शिकवी. त्याच्याबरोबर त्याच शाळेतली शैलजा नावाची शिक्षिका होती आणि कॉलेजातली दोन मुले होती. राजगड झाला, तोरणा झाला. आता घाट उतरून कोकणात जायचे आणि तिथून चालत चालत हरिहरेश्वराला समुद्र गाठायचा, असा त्यांचा बेत. भोरहून महाडला सरळ एस्टी जात असताना ही शहाणीसुरती माणसे नऊ दिवस पायपीट का करतात, हे केळदमध्ये कुणाला उमगले नव्हते. पण मास्तरांचे पोस्टकार्ड महिन्याआधी आले होते, आणि निसणीच्या वाटेने खाली सोडायचा शब्द गेनबाने दिला होता.

"मग आता कसं करायचं, गेनबा?" गंगाधर दारात येऊन म्हणाला. "दुसरं कुणी मिळेल?"

"निसणीची वाट आता कुनाला ठाव न्हाई, मास्तर. समदी मढ्या घाटानं उतरत्यात." गेनबाची नजर अजून आढ्यावरच होती. "हिला ठाव हाय. त्याच वाटेनं नांदायला आली ती. खाली म्हायेर हाय तिचं."

सगुणाबाईच्या हातातला तेलाचा बुधला कलंडता कलंडता राहिला. या घरात माहेर हा शब्द एकोणीस वर्षांनी उच्चारला गेला होता.

गोष्ट तशी फेट्याची. तिचा भाऊ कुंडलिक, त्याच्या लग्नात जावयाच्या मानाचा फेटा चुकून दुसऱ्याच कुणाच्या डोक्याला बांधला गेला, आणि गेनबा भरल्या पंगतीतून उठून आला. पुढच्या दिवाळीला कुंडलिक बहिणीला न्यायला मुराळी होऊन वर आला, तर गेनबाने त्याला ओटीवरूनच परत लावले. पाणीसुद्धा विचारले नाही. चार तासांचा घाट चढून आलेला भाऊ तसाच तहानेला माघारी गेला आणि जाताना म्हणाला, "आता ह्या घराची पायरी मी चढायचा नाय." दोघेही शब्दाचे पक्के. असल्या पक्केपणाचे ओझे कुणाच्या डोक्यावर येते ते सांगायला नको.

लेकीने माहेरी जायचे तर न्यायला मुराळी यावा लागतो. भाऊ, भाचा, नाहीतर भावकीतला कुणीतरी. बोलावल्याशिवाय, आपल्या पायाने जाऊन उभी राहणारी लेक नवऱ्याने टाकलेली तरी असते, नाहीतर निलाजरी तरी. सगुणाबाईची स्वतःची लेक विंझरला दिलेली. तिला आणायला दर दिवाळीला सगुणाबाईचा मुलगा न चुकता जाई. तो निघाला की ही परसात जाऊन उगाच शेण थापत बसे. गेल्या शिमग्याला खालून सुकी मासळी घेऊन आलेल्या एका बाईने सांगितले होते, तुझी आई आता अंथरुणाला लागलीय, डोळ्यांना दिसत नाही तिला. तेव्हापासून तिला दुसरे काही सुचत नव्हते. जीव तुटत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"मी जाते," ती म्हणाली.

"पायथ्याला सोड त्यास्नी आन्..." गेनबा अडखळला. मग भिंतीकडे कूस वळवून म्हणाला, "सावकाश ये. घाई करू नगंस."

उजाडताच ते निघाले. पौषातली थंडी होती, गवत वाळून पिवळे पडले होते. घाटमाथ्यावर पोचल्यावर गंगाधराने नकाशा उघडला आणि समोरच्या डोंगरांची नावे विचारू लागला. सगुणाबाईला एकाचेही नाव सांगता येईना. मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

"मावशी, वाट नक्की माहीत आहे ना?" शैलजाने हळूच विचारले.

"हाय की," ती म्हणाली. ती पुढे चालू लागली.

पहिला तासभर वाट सापडली. पुढे कारवीच्या रानात ती अशी बुजली होती की कालपरवा कुणी पाऊल टाकले होते याची खूणच उरली नव्हती. सगुणाबाई डावीकडे वळली, तिथे कडा निघाला. उजवीकडे गेली, तर घसाऱ्याची घळ. मुलांपैकी एकाचा पाय सटकला आणि तो दहा हात घसरत जाऊन झुडपाला अडकला. कोपर सोलवटले. गंगाधराने घड्याळ पाहिले. परत फिरावे लागणार, हे तिला त्या पाहण्यातून कळले. परत फिरले की संपलेच. पुन्हा कोण येणार होते या वाटेने, आणि गेनबाचा गुडघा पुन्हा कधी दुखणार होता?

ती एका दगडावर बसली. लहानपणापासून आपण किती वेळा हा घाट चढलो-उतरलो याची ती मनात उजळणी करू लागली, आणि एकदम तिच्या ध्यानात आले. रिकामी अशी ती या वाटेने कधी चाललीच नव्हती. उतरताना डोक्यावर वरीची नाहीतर नाचणीची पाटी, चढताना तांदळाचे गाठोडे. डोक्यावर ओझे असले की मान हलत नाही. डोंगर दिसत नाहीत, आभाळ दिसत नाही. दिसते ती पावलांपुढची चार-पाच हात जमीन.

"बाई, तुमची पिशवी द्या," ती शैलजाला म्हणाली.

"अहो, मला जड नाही ती."

"मला हवीय. द्या."

पदराची चुंबळ करून तिने ती पिशवी डोक्यावर घेतली. तेवढ्याने भागेना. मग गंगाधराचीही मागून वर ठेवली. मान ताठ झाली, कंबर सावरली, आणि नजर आपोआप खाली उतरली. आता जमीन बोलू लागली. हा तांबडा मुरूम. त्यापुढे काळी शिळा, तिच्यावर टाच टेकवायला कोरलेली खोबणी. मग मुळ्यांची पायरी. ती मागे न बघता चालत सुटली. जिथे माती तिला ओळखीची वाटे तिथे वाट होती. ती चार माणसे तिच्या टाचांवर डोळे ठेवून मुकाट उतरत होती. चालताना तिला रडू येत होते, पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

दुपार कलायच्या आत ते खाली आले. हवा बदलली, दमट झाली. कौलांवर काजूच्या फांद्या टेकलेल्या, कुंपणाच्या वईला निवडुंग. आंबेकोंडाची, तिच्या माहेरच्या वाडीची, सतरा घरे तिने मनातल्या मनात एकेक करून मोजली.

"आपण इथे पाणी पिऊ आणि पुढे बिरवाडीकडे लागू," गंगाधर म्हणाला. "तुम्हाला परत जायला उशीर होईल ना?"

"पानी प्या. त्या शेवटच्या घराचं पानी चांगलं हाय."

मास्तर पुढे झाले आणि ती सर्वांच्या मागून अंगणात शिरली. तिचा विचार इतकाच होता: वाटाड्याला मुराळी लागत नाही. पाहुण्यांबरोबर अंगणात बसावे, कानावर काही पडले तर पडावे, आणि उठून चालू लागावे.

खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीवर एक माणूस चढला होता. माणसे आलेली पाहून त्याने वरूनच उडी टाकली आणि धोतर झटकत पुढे आला. कुंडलिकचे केस पांढरे झाले होते. त्याने घोंगडे अंथरले, तांब्या आणला, एकेकाला विचारपूस करीत पाणी दिले. शेवटी तिच्यापुढे आला. तिच्या तोंडाकडे त्याने पाहिले, मग तिच्या धुळीने माखलेल्या पावलांकडे पाहिले, आणि तांब्या तिच्या हातात न देता खाली ठेवला.

घरातून खोकला ऐकू आला. जुना, घोगरा, दोन वेळा अडकून मग सुटणारा. सगुणाबाईने हात घोंगड्यात रुतवला. आई आतच होती, दहा पावलांवर. आणि ती अंगणात परक्यासारखी बसली होती.

"तुमी कुठनं आलाव, बाई?" कुंडलिकने विचारले.

"वरनं. केळदवरनं. ह्यास्नी वाट दावाया."

"केळदला माझी बहीण दिलीय." तो गंगाधराकडे बघत बोलू लागला, जणू सगळे त्यालाच सांगत होता. "लई वर्सं झाली. आणायला जायला होवं, पण काय करू मास्तर, माझं गुडघं गेलं. घाट चढवत नाय."

शैलजाने एकदा उडवीकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिले. सगुणाबाईला हसू आले. एक वर, एक खाली. दोघांचे गुडघे एकाच वेळी गेले होते.

"बाई," आता तो तिच्याकडे वळला. "माझं एक काम कराल? तिला म्हणावं, आयेनं बोलावलाय. माझ्या जागी तुमीच मुराळी व्हा. घेऊन या तिला."

"कवा आणू?" तिने विचारले.

"आत्ता आणा."

सगुणाबाई उठली. पदर झटकला, नीट खोचला. अंगणातून बाहेर पडून ती वईच्या कडेने कोंडाच्या शिवेवरच्या बांधापर्यंत चालत गेली. गंगाधर तिला हाक मारायला उठला, तर शैलजाने त्याचा हात धरून खाली बसवले. बांधावर सगुणाबाई घटकाभर उभी राहिली. समोर चढ होता, त्याच्यावर निसणीची वाट, आणि वर कुठेतरी भिंतीकडे तोंड करून पडलेला तो हट्टी माणूस. मग ती वळली आणि गावात आली.

दारात कुंडलिकची बायको, ठकुबाई, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. डोळ्यांतले पाणी तिला आवरत नव्हते.

"थांबा वन्सं, तशाच आत येऊ नका," ती म्हणाली, आणि तुकडा तीनदा ओवाळून तिने लांब फेकला. सगुणाबाई पावले जुळवून उभी राहिली. पायांवर गार पाणी पडले.

"कोण आलं रं?" आतून म्हातारीने विचारले.

"सगुणा आलीय, आये."

आत अंथरुणात हालचाल झाली. मग म्हातारी म्हणाली, "एकली आली? का आणायला कुणी गेलंवतं?"

कुंडलिकने बहिणीकडे पाहिले.

"मी गेलतो, आये," तो म्हणाला. "मीच गेलतो."

सगुणाबाईने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले.