बदलीचा माणूस

“आज सांगणार आहात ना त्यांना?” मी विचारलं.

हे गाडीच्या मागच्या सीटवर अ‍ॅकॉर्डियनच्या पेटीला पट्टा लावत होते. आमच्या गाडीत पुढे मी बसते आणि मागे ती. ब्रेक जोरात लागला तर हे आधी मागे वळून बघतात, मग माझ्याकडे.

“कोणाला?”

“कोणाला म्हणजे काय? गायिकाबाईंना. आजपर्यंतची मुदत दिलीय त्यांनी.”

“बघू,” म्हणत ह्यांनी दार लावलं.

ह्यांचं ‘बघू’ मी सव्वीस वर्षं ऐकतेय. त्या ‘बघू’पायी आमचं वरच्या मजल्यावरचं उजेडाचं घर घ्यायचं राहिलं, मला गाडी शिकायची राहिली, एक मांजर पाळायचं होतं तेही राहिलं. माणूस वाईट नाही. फक्त हो म्हणायची वेळ आली की ह्यांच्या घशात काहीतरी अडकतं.

हे बदलीचे वादक. सकाळी टपाल कार्यालयात गावोगावची पत्रं निवडतात आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या जागी अ‍ॅकॉर्डियन वाजवतात. कोणाच्या बँडमधला वादक आजारी पडला, कोणाचं बायकोशी बिनसलं, कोणी पाय मोडून घेतला, की आमच्याकडे फोन येतो. पब, लहानसहान महोत्सव, एखाद्या कारखान्याचा वर्धापनदिन, सगळीकडे हे जाऊन आले. तीस वर्षं झाली. पोस्टरवर मात्र कायम दुसऱ्याच माणसाचा फोटो असतो आणि हे त्या फोटोखालून पेटी घेऊन आत जातात.

ह्यांचा एक नियम आहे. ज्याची जागा असेल त्याच्यासारखंच वाजवायचं. त्याच्या हरकती, त्याचा जोर, त्याच्या खोडीसुद्धा. बोलावणं आलं की हे त्या माणसाचं जुनं रेकॉर्डिंग मागवतात आणि कानाला लावून बसतात. “तो परत येईल तेव्हा त्याला त्याची खुर्ची जशीच्या तशी मिळायला हवी,” असं ह्यांचं म्हणणं. म्हणून सगळे ह्यांनाच बोलावतात. आणि म्हणूनच कोणी ठेवून घेत नाही. माणूस परतला की ह्यांची आठवणही कोणाला राहत नाही, कारण मधल्या काळात काही बदललं होतं असं कोणाला वाटलेलंच नसतं.

गायिकाबाईंच्या बँडमध्ये एकवीस वर्षं कप्तान वाजवत होते. नावेशी त्यांचा काही संबंध नाही. डोक्यावर सदा टोपी, म्हणून कप्तान. त्यांची बायको आपोआप सगळ्यांची कप्तानवहिनी झाली. आठ महिन्यांपूर्वी, रविवारी दुपारी, पबमध्ये ऐन रंगात आलेल्या गाण्यात त्यांचा डावा हात पट्ट्यातून निसटला. लोकांना वाटलं, चढली असेल. कप्तानांनी पंधरा वर्षांत थेंब घेतला नव्हता. अर्धांगाचा झटका होता तो. दवाखान्यातून आले तेव्हा पाय जाग्यावर आला होता, बोलणं आलं होतं, उजवा हात तर पहिल्यापासून ठणठणीत. डावा तेवढा राहिला. आणि अ‍ॅकॉर्डियनचा भाता ओढायचा असतो डाव्या हातानं. भात्यातून हवा आली नाही तर उजव्या हातानं पट्ट्या कितीही दाबा, आवाज निघत नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे फोन आला होता. नेहमीप्रमाणे आठ-पंधरा दिवसांचं काम असेल असं आम्ही धरून चाललो. त्याचे आठ महिने झाले.

गेल्या आठवड्यात गायिकाबाई स्वतः घरी आल्या. स्वयंपाकघरातच बसल्या, चहाला नको म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे.

“कप्तान आता वाजवणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलंय. मला कायमचा माणूस हवा. तुम्ही या.”

“कप्तानला माहीत आहे?” ह्यांनी विचारलं.

“अजून नाही. मी सांगेन ना.”

“मग आधी त्याला सांगा.”

“आधी तुम्ही हो म्हणा. त्यांना काय सांगू, जागा काढून घेतली पण माणूस मिळाला नाही?”

अशी दोघांची बराच वेळ आधी तुम्ही, आधी तुम्ही चालली. शेवटी त्या उठल्या. “एक मुलगी तयार आहे, चांगलं वाजवते. महोत्सवाच्या दिवशी मला काय ते सांगा. त्यानंतर मी थांबणार नाही.”

मला ती जागा ह्यांच्यासाठी हवी होती. फार हवी होती. एकदा तरी ह्यांनी स्वतःचं म्हणून कुठेतरी बसावं, पोस्टरवर ह्यांचं ते रुंद कपाळ दिसावं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. कप्तानांच्या हाताचा विचार माझ्या मनात त्यानंतर आला, हे मी लपवत नाही. लाज वाटली. पण हवं ते हवंच होतं.

महोत्सव नदीकाठच्या मैदानात होता. दोन ट्रकच्या मागच्या बाजू एकमेकींना जोडून स्टेज केलं होतं, वर ताडपत्री, समोर घडीच्या खुर्च्या. ऊन कलायला अजून वेळ होता. ह्यांनी पेटी उघडली आणि मी पहिल्या रांगेत जागा धरली. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीच्या पाठीवर एक काठी येऊन टेकली.

“इथं कोणी आहे का?”

कप्तान. टोपी, इस्त्रीचा शर्ट, डावा हात खिशात ठेवलेला. मागे वहिनी पाण्याची बाटली सांभाळत. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच आले होते आणि नेमका आजचा मुहूर्त निवडला होता. मी खुर्चीवरची पिशवी उचलली.

“घरात बसून भिंतींशी भांडायला लागलेत,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, चला.”

“माझी जागा कशी सांभाळलीय ते तरी बघू,” कप्तान म्हणाले आणि मोठ्यानं हसले. ह्यांनी स्टेजवरून पाहिलं, हात वर केला आणि लगेच खाली बघून पट्टे घट्ट करायला लागले. पट्टे आधीच घट्ट होते.

पहिली तीन गाणी छान झाली. कप्तान मान डोलवत होते. चौथं त्यांचं गाजलेलं गाणं. त्यात शेवटच्या कडव्यात शिरताना कप्तान एक मात्रा जास्त थांबत. भाता पूर्ण मिटेपर्यंत त्यांना पुढचा सूर धरता येत नसे. गाणं तिथं क्षणभर लटकायचं. एकवीस वर्षांत सगळा बँड तिथं त्यांच्यासाठी थांबायला शिकला होता, आणि लोक तर त्या रिकाम्या जागी ग्लास उंच धरून ‘हो!’ असं ओरडायचे. आजही हे नेमके तेवढेच थांबले. शे-दीडशे ग्लास वर गेले. हो!

कप्तानांच्या कपाळाला आठी पडली. “अडखळला.”

“नाही हो,” मी म्हटलं. “तुमच्यासारखंच वाजवलं त्यांनी.”

“माझ्यासारखं? मी कुठं अडखळतो?”

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्याला काय दिसत नाही हे त्याला तोंडावर सांगायची मला दिवसभर सवय. तोंडातून निघून गेलं.

“तिथं तुम्ही नेहमीच एक मात्रा जास्त थांबता.”

कप्तान मध्यंतर झालं तसे काठी घेऊन उठले आणि थेट स्टेजच्या मागे निघाले. मी आणि वहिनी मागोमाग. मनातून मी स्वतःला चांगल्या चार शिव्या दिल्या.

मागे बँडची मंडळी उलट्या खोक्यांवर बसून पाणी पीत होती. कप्तान मधोमध उभे राहिले.

“ती चूक आहे?”

गिटारवाल्याला एकदम आपल्या तारा फार महत्त्वाच्या वाटायला लागल्या. गायिकाबाई म्हणाल्या, “चूक कसली, कप्तान. तुमची ढब आहे ती.”

“ढब राहू दे. कधीपासून करतोय मी हे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि कोणी बोललं नाही?”

“बोलणार होतो. तेवढ्यात लोकांना आवडायला लागलं.”

कप्तान ह्यांच्याकडे वळले. “तुला ते बरोबर वाजवता येतं?”

“येतं.”

“मग माझ्यासारखं चुकीचं का वाजवतोस?”

“तुझी जागा आहे,” हे म्हणाले. “तू परत आलास की लोकांना वेगळं वाटायला नको.”

मैदानात कोणीतरी हरवलेल्या किल्ल्यांची घोषणा करत होतं. कप्तानांनी काठी वहिनींकडे दिली, उजव्या हातानं डावा हात खिशातून बाहेर काढला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा समोरच्या खोक्यावर ठेवला.

“हा काही परत येत नाही,” ते म्हणाले. “मला माहीत आहे.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” वहिनी दचकल्या.

“तूच. झोपेत बडबडतेस.”

गिटारवाला हसला, मग आपण हसलो म्हणून घाबरला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावावा की नवऱ्याला फटका मारावा हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी डोळे पुसले.

“आठ महिने घरी बसून मीही म्हणत होतो, जागा आहे, जागा आहे,” कप्तान ह्यांना म्हणाले. आवाज शांत होता, पण शब्द जपून टाकत होते. “आज समोर बसून ऐकलं. तिथं तू नव्हतासच. मीच बसलो होतो, माझी चूक गिरवत. आता मला सांग, माझ्यासाठी जागा धरून ठेवलीस, पण मला ती उपयोगाची नाही, आणि तू तिच्यावर बसत नाहीस. मग ती कोणाची?”

हे अंगठ्यानं पट्ट्याची शिवण चाचपत राहिले.

“तुझं वाजव,” कप्तान म्हणाले.

“माझं म्हणजे कसं?”

ह्यांनी ते अगदी खरेपणानं विचारलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातांनी वाजवलेला माणूस. मला भरून आलं, आणि रागही आला, की हे ह्यांना माहीत नसावं?

“जेवणानंतर मागच्या खोलीत वाजवता तसं,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता बोललेच होते तर पुढेही बोलले. “खिडकी लावून घेतात. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून वाजवतात. तेव्हा कोणाची बदली नसते. मी भांडी आवाज न करता घासते, ऐकू यावं म्हणून. ह्यांना वाटतं मी झोपलेय.”

“तू ऐकतेस?” ह्यांनी विचारलं. चक्क लाजले.

गायिकाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “म्हणजे मी हो समजू का?”

ह्यांनी कप्तानांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस? विचारतायत तुला.”

“हो,” हे म्हणाले. मी ‘बघू’साठी तयार उभी होते, मला ऐकलेलं समजायलाच थोडा वेळ लागला.

उत्तरार्धात लोकांनी ते गाजलेलं गाणं पुन्हा मागितलं. आम्ही तिघं पहिल्या रांगेत होतो, कप्तान मध्ये. गाणं सुरू झालं आणि पहिल्या ओळीतच मला आमच्या मागच्या खोलीतल्या धुळीचा आणि इस्त्रीचा वास आला. कप्तान भाता जोरानं ओढायचे, गाणं पुढे ढकलायचे. हे हवा थोडी थोडी सोडतात. सूर आधी बारीक निघतो, मग भरत जातो, आणि गायिकेचा आवाज त्यावर निवांत बसतो. बाईंनी दुसऱ्या कडव्याला वळून ह्यांच्याकडे बघितलं. ड्रमवाल्यानं काठ्या ठेवून मऊ वाजणारे ब्रश उचलले. शेवटचं कडवं आलं. हे न थांबता आत शिरले. लोकांचे ग्लास अर्ध्यापर्यंत वर गेले, तिथंच घोटाळले, आणि मग हळूहळू खाली आले. कोणी ओरडलं नाही. लोक ऐकत होते.

मी रडत होते. लपवायची गरजही वाटली नाही.

शेजारी काहीतरी हलत होतं म्हणून बघितलं. कप्तानांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोटं पट्ट्या दाबत होती. पाचही बोटं, सुरेख, एकही सूर न चुकता. ह्यांच्या बरोबरीनं ती एका कडव्यातून दुसऱ्यात गेली. मग शेवटी ह्यांनी एक वळण घेतलं, जे त्या गाण्यात कधीच नव्हतं. कप्तानांची बोटं उचलली गेली. हवेत थांबली. खाली येऊन एकदा त्यांनी शोधून पाहिलं, आणखी एकदा पाहिलं. मग त्यांनी तळवा सपाट केला आणि गुडघ्यावर ठेवून दिला.

वहिनींनी बाटली पुढे केली. “पाणी देऊ?”

“थांब,” कप्तान म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ऐकू दे मला.”