पोपटआप्पांच्या कानाचं प्रोटीन

न्हावऱ्याच्या दूध संस्थेचे चेअरमन पोपटराव यांना सगळं गाव आप्पा म्हणे. मिरवणूक कुणाचीही असो, लग्नाची किंवा नव्या ट्रॅक्टरची, आप्पा डीजेच्या पुढेच चालत. पुढाऱ्यानं पुढेच असायला हवं, असं त्यांचं मत होतं. पाठीमागे स्पीकरची भिंत आणि तिच्यापासून चार हातांवर आप्पांचे कान, असं पंधरा वर्षं चाललं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानात गुणगुण सुरू झाली. मग पाखरांचे आवाज गेले, कुकरची शिट्टी गेली, शेवटी माणसांच्या बोलण्यातली निम्मी अक्षरं गेली. मीटिंगमध्ये सभासद तक्रारी मांडत आणि आप्पा मान डोलवून म्हणत, "व्हय व्हय, बघू." त्यांना ऐकू येत नाही हे संस्थेत कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण ऐकू येत होतं तेव्हाही ते हेच म्हणत.

उघड बोलून दाखवलं ते पुतणीनं. सायली पुण्यात एका प्रयोगशाळेत कानाच्या पेशींवर काम करते. सुट्टीला गावी आली तेव्हा तिनं मागून तीनदा हाक मारली, आप्पा वळले नाहीत. मग ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आप्पा, कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्यातल्या बारीक पेशींच्या डोक्यावर केसांसारखे तंतू असतात. शेजारशेजारच्या तंतूंना एक धागा बांधलेला असतो, दोन प्रोटीनांचा. आवाज आला की तंतू झुकतात, धागा ताणला जातो आणि त्याच्या ओढीनं पेशीचं दार उघडतं. तेव्हा मेंदूकडं खबर जाते. आणखी एक प्रोटीन आहे, ते पेशीलाच आखडतं आणि लांबवतं, म्हणून बारीक आवाजही ऐकू येतो. डीजेनं हे धागे तुटतात. कानाला आराम दिला तर धागा पुन्हा जुळू शकतो. पण पेशीच मेली तर माणसात ती परत येत नाही. आता डीजेपुढं जायचं नाही."

आप्पांनी मन लावून ऐकलं. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच: कान, केस, प्रोटीन, डीजे.

सोमवारपासून आप्पांनी सकाळी सहा उकडलेली अंडी सुरू केली. शिरूरहून प्रोटीन पावडरीचा डबा आणला. केसांचा विषय निघाला होता म्हणून कानाच्या पाळ्यांना खोबरेल चोळायला लागले. आठवड्याभरात त्यांना फरक जाणवला आणि त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "आपली सायली शास्त्रज्ञ हाय. तिनं शोध लावलाय, कानाला प्रोटीन लागतं. आता संस्था सभासदांना पनीर वाटणार. योजनेचं नाव श्रवण समृद्धी."

आप्पांच्या कानांचं सायलीकडून कळलेला सेक्रेटरी सुदर्शन दबक्या आवाजात म्हणाला, "पर आप्पा, ऐकू तर तुमालाच येत न्हाई."

"व्हय व्हय," आप्पा म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

चौकात फ्लेक्स लागला. मधोमध आप्पा, बाजूला कानाचं चित्र, कोपऱ्यात सायली. उद्घाटनाला डीजे होताच. फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर पाहून सायली मिळेल त्या एसटीनं निघाली. ती पोचली तेव्हा आप्पा हात वर करून स्पीकरपुढे नाचत होते. तिनं ओरडून पाहिलं, पण तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. शेवटी तिनं आप्पांच्या बायकोला, दगडाबाईंना, खुणेनं जनरेटर दाखवला. दगडाबाई पदर खोचून गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

चौक एकदम गप्प झाला. आप्पा मात्र ठेका धरून नाचत राहिले. त्यांच्या कानातली गुणगुण चालूच होती. बऱ्याच वेळानं त्यांनी मागे वळून पाहिलं. डीजेवाला हाताची घडी घालून उभा होता आणि सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. आप्पांचे हात हळूहळू खाली आले. कुणी हसलं नाही.

"सायले," ते म्हणाले, "कवा बंद झाला?"

सायलीनं मोबाईलवर लिहून दाखवलं: मघाशीच.

दौंडला तपासणी झाली आणि दोन्ही कानांत छोटी यंत्रं बसली. पहिल्याच मीटिंगला आप्पांना कळलं की दुधातलं फॅट मोजायचं मशीन दोन वर्षं चुकीचं दाखवतंय, आणि सभासद दर महिन्याला तेच सांगतायत. महिन्याभरात नवं मशीन आलं. संचालक मात्र कुरकुरले: आप्पा पहिल्यासारखे राहिले नाहीत, सगळं ऐकत बसतात, मीटिंग लांबते. पनीरची योजना अजून चालू आहे. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही.

यंत्रं बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. दगडाबाई भाकरी थापत गात होत्या. आप्पा दारात दिसताच त्या गप्प झाल्या.

"कवापास्नं गाती गं तू?"

"तुमाला ऐकू यायचं गेलं तवापास्नं. आधी लाज वाटायची."

त्यानंतर दोन दिवस घरात गाणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी यंत्रांची डबी झाकण लावून ओट्यावर, दगडाबाईंना दिसेल अशी ठेवली, कानांभोवती उपरणं गुंडाळलं आणि अंगणात घराकडे पाठ करून बसले. दगडाबाईंनी डबी पाहिली. थोड्या वेळानं भाकरीच्या थापांबरोबर त्यांचा आवाज बाहेर आला. डबी रिकामी होती.