मागचीच्या वाटणीची ओळ

दुपारचा एक वाजला होता आणि दिपेश तोंडात लाकडी चमचा धरून लॅपटॉपवर वाकला होता. चमच्याच्या दांड्यानं त्याला एक बटण दाबायचं होतं. दोन दाबली गेली. तिसऱ्या खेपेला त्यानं चमचा थुंकला आणि भिंतीकडे बघत बसला.

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. डाव्या तळव्याला नऊ टाके, आणि वरून असला बोळा बांधलेला की हाताच्या जागी सोललेला नारळ आहे म्हणावं. परवा नागावच्या रस्त्यावर वाळूत दुचाकी घसरली होती. गाडीला काही झालं नाही. सगळं हातांवर निभावलं.

"मना सांग," कमळ म्हणाली. ती त्याची आई. चुलीवरचं पातेलं उतरवून पदराला हात पुसत आली होती. "काय दाबायचं ते सांग. बोटं माझी घे."

"तुला न्हाय जमायचं, आये."

"मीठ ओढलंय या हातांनी. बटान न्हाय दाबता येनार?"

ओटीवर भागुबाई वाल सोलत बसली होती. कमळची थोरली नणंद, पलीकडच्या घरात राहणारी. तिनं मान वर न करता म्हटलं, "दाबू दे रं तिला. या घरात दाबायला दुसरं कोन गावत न्हाय तिला."

"वन्स, तुम्ही वाल सोला."

खाडीकाठच्या त्या गावांत या दोघींशिवाय लग्न लागत नसे. दोघी धवलारणी. हळदीपासून पाठवणीपर्यंतची लग्नगाणी, म्हणजे धवले, यांच्या तोंडात. भागुबाई पुढची, कमळ मागची. पुढची ओळ टाकते, मागची ती झेलते आणि जशीच्या तशी परत म्हणते. एक अक्षर इकडं नाही, एक श्वास तिकडं नाही.

दारी घातिला मांडव, त्याला आंब्याची डहाळी,
नवरी आमुची कोवळी, जशी पान्याची नव्हाळी.

भागुबाईनं म्हणायचं, की कमळनं म्हणायचं. एकतीस वर्षं. ओळ दोनदा झाली म्हणजे देवाला पोचली, एकदाच झाली तर मांडवात लटकत राहिली, असं दोघी मानत. कमळनं जन्मात कधी पहिली ओळ उचलली नव्हती. ती तिची जागाच नव्हे.

दिपेश बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत कामाला लागून अडीच महिने झाले होते. तीन महिने बघू, मग कायम करू, असं त्याच्या साहेबांनी, विपुल सरांनी, सांगितलं होतं. घरून काम करायची परवानगीही तेवढ्यापुरतीच. एक काम जरी अडलं तरी बेलापूरला येऊन बसायचं. बेलापूरला बसायचं म्हणजे तिथं खोली घ्यायची, आणि इथं कमळनं एकटीनं दोन ताटं मांडून एक परत ठेवायचं. अपघाताचं त्यानं सरांना कळवलंच नव्हतं. आजचं काम चार वाजेपर्यंत द्यायचं होतं, आणि काम एका ओळीचं होतं.

"एकच ओळ?" कमळनं विचारलं. "मग एवढं काय तोंड पाडतंस?"

त्यानं तिला पडदा दाखवला. काळा, त्यावर हिरवी-पांढरी इंग्रजी अक्षरं. कंपनीचा कॉम्प्युटर लांब कुठंतरी होता, तिथं इथूनच जायचं, आणि तिथं हा एवढाच काळा पडदा मिळायचा. माऊस चालत नाही, बोटानं सरकवता येत नाही. सगळं बटणांवर.

"एक लाँचवाला आहे. त्याचं तिकीट काढलं की माणसाच्या फोनवर संदेश जातो. ही बघ ती ओळ, संदेश पाठवणारी. कुणाच्या तरी चुकीनं ती दोनदा पडलीय, एकीखाली एक. म्हणून प्रत्येकाला संदेशही दोनदा जातो."

"बरोबरच हाय की. एकदा सांगून कोन ऐकतो?"

"अगं, लोक दुसरा संदेश मेव्हण्याला पाठवतात. एका तिकिटावर दोघं येऊन धक्क्यावर भांडतात. दुसरी ओळ काढायचीय."

"दुसरी म्हंजे मागचीची?"

ओटीवर वालाची शेंग मोडायचा आवाज थांबला. दिपेशचं लक्ष नव्हतं. "हां, मागची. डी डी दाब. डी दोनदा. अख्खी ओळ जाते."

कमळ चौथी शिकलेली. एबीसीडी तिला ओळीनं येत होती. पण इथली अक्षरं कुणीतरी सुपात घालून पाखडल्यासारखी पसरली होती. ए शेजारी बी नाही, एस. बी कुठं खाली, एकटा. तिनं डी शोधला आणि दाबला.

ओळ गेली नाही. ओळीच्या पोटात चार डी उमटले.

"चार?" दिपेश म्हणाला. "बटण चिकटतंय काय? या खाऱ्या हवेनं वाट लावलीय."

"पन ओळ का न्हाय गेली?"

"थांब. चमच्यानं आय दाबला गेला असणार." त्यानं हनुवटीनं पडद्याचा खालचा डावा कोपरा दाखवला. "तिथं एक शब्द दिसतो ना? तो आहे तोवर तू दाबशील ते अक्षर उमटतं. तो गेला की अक्षर उमटत नाही, हुकूम होतो."

"तेच बटान?"

"तेच."

"मंग त्याला कसं कलतं, मना काय म्हनायचंय?"

"त्याला नाही कळत. आपणच लक्षात ठेवायचं, आपण कुठं आहोत ते."

कमळ त्या शब्दाकडं वाकली. बाहेर बांधापलीकडं भरती चढत होती. मग ती म्हणाली, "आपल्या बांधाची उघाडी हाय तसं? झडप वर केलेली असली की खाडीचं येईल ते आत येतं. मासा बी येतो, गाल-चिखल बी येतो. झडप पाडली की आतलं पानी आपलं, वलवू तिकडं वलतं."

कॉलेजात हे समजायला दिपेशला अख्खा आठवडा लागला होता. "हो. तसंच काहीतरी. झडप पाडायचं बटण ते वर कोपऱ्यातलं. एस्केप."

कमळनं कपाळावरची टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली. मग टिकली दाबली. कोपऱ्यातला शब्द नाहीसा झाला.

"गेला गं बाय!"

"आता यू दाब. झालेली चूक मागं जाते."

चारही डी पुसले गेले. कमळनं मोठ्या ऐटीत ओटीकडं पाहिलं. भागुबाई म्हणाली, "झालं? आता लाँच चालवशील."

"आता डी डी," दिपेश म्हणाला. कर्सर बरोबर जुळ्या ओळींपैकी वरचीवर उभा होता. कुठली का जाईना, दोघी सारख्याच.

कमळनं दाबलं. दोन्ही ओळी गेल्या.

जिथं जुळ्या होत्या तिथं आता काहीच नव्हतं. वरचं वाक्य खालच्या वाक्याला येऊन भिडलं होतं, जसं मधलं घर कधी नव्हतंच.

"आता कुनालाच संदेश न्हाय जायचा," कमळ हळूच म्हणाली.

"यू दाब."

दोन्ही ओळी परत आल्या.

"एकदाच यू दाबलास ना? मग दोन्ही कशा आल्या?" दिपेशनं कपाळावर प्लास्टर टेकवलं. "ठीक. परत डी डी."

दोन्ही गेल्या. यू. दोन्ही आल्या. डी डी. गेल्या. यू. आल्या. त्याला काही कळेना. एक आज्ञा दिली की एक ओळ जाते, हे त्याला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. यंत्र बिघडलं म्हणावं, तर परत आणायला चुकत नव्हतं. त्यानं आईला लॅपटॉप उपडा करून बटणं झाडायला लावली. त्यातून दोन तांदूळ आणि एक मुंगी पडली. मुंगी निघून गेली, आणि त्यानंतरही दोन्हीच ओळी गेल्या.

कमळला वेगळीच भीती वाटत होती. त्या दोन ओळी एकमेकींना सोडायला तयार नाहीत, असं तिच्या मनानं घेतलं होतं. एक उचलली की दुसरी तिच्या पदराला धरून जात होती. आणि तिला त्यात काही चूकही दिसत नव्हती. पण घड्याळात सव्वातीन झाले होते, आणि पोराचा चेहरा उतरत चालला होता.

फोन वाजला. भागुबाईनं उठून तो उचलला आणि दिपेशच्या कानाशी धरला.

"दिपेश, झालं काय? लाँचवाला डोकं खातोय माझं."

"होतंय सर. चारपर्यंत."

"एक लाईन आहे रे. एक. नसेल जमत तर उद्यापासून इकडे येऊन बस, इथली पोरं आहेत सांगायला."

फोन ठेवला गेला. कमळला सगळं नाही, पण 'इकडे येऊन बस' तेवढं नीट ऐकू आलं होतं.

"पुन्हा," ती म्हणाली. "बोल तू."

"डी डी."

या वेळी भागुबाई फोन हातात घेऊन पाठीशीच उभी होती. तिनं पडद्याकडं पाहिलंच नाही. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"पोरा," ती म्हणाली, "तू किती बोल्लास?"

"दोन. डी डी."

"तिनं चार वाजवलं."

दिपेशनं आईच्या हाताकडं पाहिलं. सगळा वेळ त्याची नजर पडद्यावर होती, हातावर नव्हतीच.

"आये, दोनदा दाबतेस?"

"न्हाय. तू जेवढं बोलतंस तेवढंच."

"आणि मग?"

"आनि मग घेते."

"काय घेतेस?"

कमळला प्रश्नच समजला नाही. उत्तर भागुबाईनं दिलं. "मागून घेते ती. तू ओळ टाकलीस, तिनं म्हटली, आनि परत एकदा म्हटली. एकतीस वर्षं दुसरं काय केलंय तिनं?"

बटण चिकटत नव्हतं. यंत्र बिघडलं नव्हतं. डी डीचे चार डी होत होते, आणि एका यूचे दोन यू. म्हणून जेवढं जायचं तेवढंच परत यायचं. दिपेशला हसू आलं. "आये, एकदाच दाबायचं. मी म्हणेन तेवढंच."

"बरं."

यू म्हटल्यावर ओळी परत आल्या. त्यानं म्हटलं, "डी डी." कमळनं दोन वेळा दाबलं, ओठ घट्ट मिटले, हात वर घेतला. तो हात आपसूक खाली येऊन आणखी दोन वेळा दाबून गेला.

"थांबत न्हाय रं," ती रडवेली झाली. "अर्धं टाकल्यावानी वाटतं."

पावणेचार. तिनं हात मांडीखाली दाबून धरले होते, चोरी करताना सापडल्यासारखे. शेजारची पोरं सगळी बंदराच्या पाळीवर गेलेली, संध्याकाळशिवाय कुणी येणार नव्हतं. भागुबाई यंत्राला बोट लावायला तयार नव्हती. दिपेश चमच्याकडं बघू लागला.

"तिला कशाला थांबवतंस?" भागुबाई म्हणाली. "तू अर्धंच बोल."

"म्हणजे?"

"म्हंजे पुढचीनं टाकावं तेवढं टाक. बाकीचं तिच्यावर सोड."

दिपेशनं यू म्हटलं, ओळी आल्या. तो आईकडं वळला आणि या वेळी पडद्याकडं न बघता, फक्त तिच्या बोटांकडं बघत, हळू म्हणाला,

"डी."

टक. आणि मागून, तिच्या वाटणीचं, टक.

एक ओळ गेली. एक राहिली.

कमळनं वाकून पाहिलं. ती एकटीच उभी होती, वर-खाली दुसऱ्याच वाक्यांच्या मध्ये. "ऱ्हायली गं," ती पुटपुटली, पण आनंद झाला की वाईट वाटलं, हे तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं.

अजून जतन करायचं बाकी होतं. दिपेश नेहमी त्यासाठी एक लांबलचक हुकूम द्यायचा, आणि तो आईच्या हातून दोनदा गेला असता तर सगळाच घोळ झाला असता. तो आठवत बसला. कधीतरी कुणीतरी दाखवलेलं, त्यानं कधी न वापरलेलं एक होतं, एकच अक्षर दोनदा.

"खालून दुसऱ्या रांगेत डावीकडं लांबट बटण आहे, ते धरून ठेव. सोडू नको. आता दुसऱ्या हाताचं बोट झेडवर. वाकडातिकडा असतो तो, त्याच्या शेजारीच." त्यानं श्वास घेतला. "झेड."

टक. टक.

काळ्या पडद्यावरचं सगळं नाहीसं झालं.

"गेलं?" कमळ किंचाळली.

"गेलं न्हाय, आये. ठेवलं गेलं."

तिचा विश्वास बसला नाही. जे ठेवतात ते दिसतं, एवढं तिला माहीत होतं.

चारला पाच कमी असताना विपुल सरांचा फोन आला. भागुबाईनं तो या वेळी खाटेवर ठेवला, मोठ्या आवाजावर. "बघतो थांब. तुझ्याच नंबरवर एक तिकीट काढतो. पण एक सांग, एका ओळीला तीन तास?"

दिपेशनं आईकडं पाहिलं. टिकली अजून बटणावरच होती. "सर, माझे दोन्ही हात बांधलेत. परवा पडलो. मी नुसतं सांगत होतो, बटणं आईनं दाबली."

"आई प्रोग्रामिंग करतात?"

"नाही सर. धवलारीण आहे."

"म्हणजे?"

"लग्नात... म्हणजे दोघी असतात, एक म्हणते, आणि..." तो अडखळला. "सर, ते नीट सांगायला वेळ लागेल."

"मला काही कळलं नाही," विपुल सर म्हणाले. "हे बघ, पडलास तर आधी सांगायचं असतं. हात बरे होईपर्यंत तिथंच थांब. सोमवारी छोटं काम पाठवतो. त्यांना विचार, जमेल का." मग म्हणाले, "हां, पाठवलं बघ."

खाटेवरचा फोन वाजला. टिंग. लाँचच्या तिकिटाचा संदेश.

तिघंही दुसऱ्या टिंगची वाट बघत राहिले. दिपेश श्वास रोखून. भागुबाई सवयीनं. भरतीचं पाणी बांधाला लागल्याचा आवाज आत येत होता. दुसरा संदेश आला नाही.

"झालं!" विपुल सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दिपेश हसत सुटला. कमळ मात्र फोनकडंच बघत होती, मान थोडी पुढं, ओठ उघडे, मांडवात भागुबाई ओळ टाकून गप्प झाली की बसते तशी. पोरगं घरात राहिलं होतं, ते तिला कळलं होतं. पण ते एकटं टिंग अजून खाटेवर कुठंतरी लटकत होतं, आणि ते तसंच कसं सोडायचं, हे काही तिला कळेना.

मग कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात ती म्हणाली,

"टिंग."

ओटीवर परत जाऊन बसलेल्या भागुबाईनं पुढची शेंग मोडली.