प्रोसेसरातले अण्णाजी

मुलांनो, डोळे मिटा बरं. भर दुपार आहे. हिंगणघाटातलं एक ऑफिस, तिथे साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढतात. कॉम्प्युटरच्या पेटीमागे हात नेला, की कोणीतरी गरम श्वास सोडतंय. मग कण्हल्यासारखा आवाज. तोही थांबतो, आणि पडदा काळाठिक्कर.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात हे रोज तीनच्या सुमारास घडे. त्या खुर्चीत बसणारे जुने चित्रकार अण्णाजी दिवाळीत वारले होते. आता तिथे रक्षा बसायची. अखेर मालक मधुकररावांनी भूत उतरवणाऱ्या प्रेमदासमहाराजांना बोलावलं, तेव्हा बघ्यांनी जिना भरून गेला.

"आत्मा प्रोसेसरात शिरला!" महाराज गरजले. "अण्णाजीले आपल्या खुर्चीत बाईमाणूस खपत नाई. बंद करा मशीन!"

तासभर मंत्र झाले. मशीन चालू केलं, तर नक्षी झरझर उमटली. लोक पाया पडले. महाराजांनी पेटीला लाल कापड गुंडाळलं आणि फर्मावलं, "उद्यापासून ही पोरगी इथं नको."

रक्षा मान खाली घालून डबा पिशवीत भरू लागली. मालकांची दहा वर्षांची मुलगी आचल पुढे सरकली. रक्षाताईनेच तिला माऊस धरायला शिकवलं होतं. भीती तिलाही वाटत होती. तो श्वास तिने स्वतःच्या तळव्यावर झेलला होता.

तरी ती म्हणाली, "महाराज, तुमी बसा ना खुर्चीत. तुमी तं बाई नाई."

जिन्यावर हशा पिकला. महाराजांना बसावंच लागलं. रक्षाने रोज दुपारची तीच मोठी नक्षी लावून दिली आणि दूर जाऊन उभी राहिली. पंधरा मिनिटं गेली. पेटी कण्हली. पडदा काळा.

"आता काऊन बंद पडलं?" आचलने विचारलं.

"माह्या तेजानं..." महाराज पुटपुटले.

आचलने पेटीवरचं कापड ओढलं. "ताई, झाकण उघड."

"पेटीले हात लावाचा नाई, असं भाऊ म्हणालते," रक्षा मधुकररावांकडे पाहत म्हणाली.

"उघड," मधुकरराव हळूच म्हणाले.

आत प्रोसेसरवरचा छोटा पंखा दिसतच नव्हता. शेजारच्या सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीतून उडालेल्या कापसाची त्यावर गादी साचली होती.

रक्षा म्हणाली, "भाऊ, औंदा तुमी जोरकस प्रोसेसर टाकला, पंखा मात्र जुनाच ठेवला. मोठ्या नक्षीनं तो लय तापते, दुपारी तं जास्तच. जळू नये म्हणून आपोआप बंद होते. तासभर बंद ठेवलं, थंड झालं, म्हणून पूजेनंतर चाललं. अन् कापडानं हवाच कोंडली."

ब्रशने कापूस काढला. पडदा संध्याकाळपर्यंत उजळ राहिला. महाराज केव्हा जिना उतरले, कोणालाच कळलं नाही.

मुलांनो, भीती वाटणं चूक नाही. पण भीतीपोटी एखाद्याला घालवण्याआधी झाकण उघडून पाहावं, एवढंच माझं सांगणं.

मधुकररावांनी लगेच नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. "आनखी दोन मशिनी पायजेत. सगळ्यात फास्ट प्रोसेसर कोन्ता?"

आचलने बाबांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "काका, फास्टचं मंग सांगजा. तो तापते किती, अन् त्याले पंखा कोन्ता लागते, ते पहिले सांगा. थांबा, मशीनवर जी बसते तिच्याशीच बोला."

आणि तिने रिसीव्हर रक्षाताईच्या हातात दिला.