कुलदीपरावांचं ताट

माझा नवरा बारीक आहे. ही माहिती मी द्यायची गरज नाही, तो स्वतःच देत फिरतो. अमरावतीत आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तिथे कपाशीचं पाकीट घ्यायला आलेल्या माणसालाही निघेपर्यंत कळलेलं असतं की कुलदीपराव दोन माणसांचं जेवतात आणि तरी त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने जास्तीचं भोक पाडावं लागतं. "आपली बॉडीच तशी हाय," तो म्हणतो. "कितीबी खाल्लं तरी अंगाले लागत नाही." हे सांगताना चेहरा असा करतो की जणू मोठा अभ्यास करून मिळवलंय. समोरच्याचं बहुधा पोट सुटलेलं असतं. तो बिचारा कसनुसा हसतो आणि शर्ट खाली ओढून घेतो.

मी जाड आहे. लग्न करून आले तेव्हा नव्हते. आल्या आल्या सासूबाईंनी, जयवंताबाईंनी, मला दोन गोष्टी शिकवल्या. माणसाचं ताट भरलेलं दिसलं पाहिजे, ही पहिली. त्याच्या ताटात राहिलेलं टाकायचं नाही, आपण त्याच ताटात बसून संपवायचं, ही दुसरी. सासूबाई गेल्या, पण मी दोन्ही नेमाने पाळत आले. कुलदीपराव बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे जेवतात. भरलेलं ताट बाहेर जातं, बातम्या संपल्या की आत येतं, आणि बाकीच्यांचं आटोपल्यावर मी त्यात बसते. त्यातलं संपवून मग माझं वाढून घेते. कुणाच्या पोटात किती गेलं हे पाहायला त्या वेळी स्वयंपाकघरात कुणीच नसतं.

मी जाड आणि तो बारीक, एवढ्यावर थांबलं असतं तर मी आणखी वीस वर्षं काढली असती. त्याचे टोमणे मी पंख्याच्या आवाजासारखे ऐकायला शिकले होते. पण गेल्या वर्षी त्याची नजर आकांक्षाकडे वळली. पोरगी आठवीत. खांदे रुंद, मांड्या भरलेल्या, शाळेच्या कबड्डी संघात पकडीला उभी राहायची. तिने कंबर धरली की चढाईला आलेली पोरगी परत जात नसे. बापाला त्यात काय दिसलं? "आईवर गेली," एवढंच दिसलं.

"आकांक्षा, पोळी एकच," तो ताटापुढे बसून सांगायचा. स्वतःच्या ताटात पोळ्यांची चळत. "मी तुह्या दुप्पट खातो, तरी पाह्य माह्याकडे. तुमची हाडंच तशी नाहीत, तर तोंडाले तरी आवर घाला."

पोरगी खाली मान घालून एका पोळीवर उठायला लागली. मग डबा मैत्रिणीला देऊन यायला लागली. एकदा अंघोळीहून येऊन मला म्हणाली, "आई, बाबा इतकं खाऊन बारीक हायत. मी एवढं कमी खाऊन राहिली, तरी माह्यातच काहून खराबी हाय?" यंदा कबड्डीच्या उन्हाळी शिबिरातून तिच्या रागिणी मॅडमचा फोन आला. "पोरगी मैदानाच्या कडेले बसून राहते. धावली की डोळ्यापुढे अंधारी येते म्हणते. घरी जेवते का नाही?" दुसऱ्या दिवसापासून पोरीने शिबिरात जाणंच सोडलं.

त्याच सुमाराला माझी अक्कलदाढ काढली. तोंड उघडेना. मी ताकावर आणि वरणाच्या पाण्यावर आले. स्वयंपाक करतच होते, भरलेलं ताट बाहेर पाठवतच होते, पण आत येणारं ताट संपवायला कुणी नव्हतं. तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. पोळ्यांची चळत तशीच, वरच्या पोळीचा एक तुकडा गेलेला. भाताच्या मुदीला एका बाजूने बोट लावल्यासारखं. भाजीतलं वांगं चाखून बाजूला सारलेलं. मी ते सगळं फाटकाशी येणाऱ्या गाईला घातलं. रोजच घातलं. ती गाय सकाळी एकदा यायची, ती संध्याकाळीही येऊन उभी राहायला लागली, आणि फाटक उघडायला उशीर झाला तर शिंगाने वाजवायला लागली.

मग मी माणूसच पाहायला लागले. एखाद्या लग्नात तो खरंच पोटभर जेवायचा, जिलेबीवर जिलेबी. त्याची कथा सहा महिने चालायची. पण दुसऱ्या दिवशी दुपारी "आज काही नको, पोट जड हाय" म्हणून चहावर राहायचा, ते त्याच्या ध्यानातही नसायचं. दुकानात गिऱ्हाईक असलं की डबा तसाच परत यायचा. खाल्लेलं त्याच्या डोक्यात राही, न खाल्लेलं विरून जाई. तो खोटारडा असता तर मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. याला वाटत होतं, ताटात वाढलं म्हणजे आपण जेवलो!

मी त्याला एकांतात सांगून पाहिलं. म्हटलं, "तुमी चिमणीएवढं खाता. उरलेलं मी खाते. पोरीले उगाच नावं ठेवू नका."

तो हसला. "तू माहे घास मोजून राहिली का? स्वतःचं लपवायले दुसऱ्याचं काढाचं. पोट्टीले बिघडवू नको." आणि कुशीवर वळून घोरायला लागला. बारीक माणसाला झोपसुद्धा किती लवकर येते!

अशात अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं म्हणून अकोल्याहून बाबांचा फोन आला. माझं माहेर जठारपेठेत. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने निघालो. बसमध्येच बापाने पोरीला बजावलं, "आजीकडे खायचं दिसलं की तुटून पडू नको. ताक पेजो अन् बसजो."

माझी आई, दुर्गाबाई, पहाटेपासून चुलीपाशी होती. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची वाटी, बरबटीचे म्हणजे चवळीचे वडे, कढी, वांग्याची भाजी, अनारसे. कुलदीपरावांना पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी. बाबांनी, म्हणजे रामरावांनी, कूलर स्वतः ढकलत आणून त्याच्याकडे वळवला. आई वाढत होती आणि तो "वाढा, वाढा" म्हणत होता.

"जावाईबापू, अजून एक धोंडा घ्या न. तुमाले कायचं जड होते?"

"टाका मामी. आपल्याले पचते."

"पाहा बाप्पा," आई कौतुकाने म्हणाली, "एवढं जेवतात अन् अंगावर काडीचं मांस नाही. आमची वर्षा पाहा." माझीच आई, माझ्याच माहेरी, मला हातातल्या पळीने दाखवत होती.

आकांक्षा समोर दिवाणावर ताकाचा पेला धरून बसली होती. पेल्यातलं ताक कमी होत नव्हतं आणि तिची नजर वड्यांवरून हलत नव्हती. तिकडे तिचा बाप तुपाचा हात हलवत बाबांना स्वतःच्या शरीराचं शास्त्र समजावत होता. मग त्याने ढेकर दिला, उठला, हात धुतले आणि बाबांशेजारी खुर्चीत टेकला.

"बस वर्षे," आई म्हणाली. जावई उठला की त्याच्याच ताटात मुलीने बसायचं, ही आमच्याही घरची रीत. मी ताट उचललं. बसले नाही. ते घेऊन त्याच्यापुढे गेले आणि समोरच्या तिपाईवर ठेवलं.

"हे घ्या. तुमचं जेवण राहिलं."

त्याने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहं झालं न. हे तुहं हाय."

"माहं कसं? वाढलं तर तुमाले."

"आता काय नवीन काढलं? रोज तूच तर खाते."

हे त्याने पोरीसमोर, सासूसमोर, सासऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही. मी आकांक्षाला हाक मारली. "इकडे ये. पाह्य तुह्या बापानं काय खाल्लं ते."

ती आली, वाकली. धोंडे तसेच, एकाचा कोपरा गेलेला. तूप वाटीत गोठायला लागलेलं. एक वडा अर्धा, बाकीचे अख्खे. कढीवर साय. पोरीने ताटाकडे पाहिलं, मग बापाकडे, मग पुन्हा ताटाकडे.

"बोलता बोलता राह्यलं," तो म्हणाला. "त्यात काय? आता खातो." आणि तावातावाने बसला. धोंडा मोडला, चावला. पाणी प्याला. पुन्हा एक घास. कपाळावर घाम आला तसा म्हणाला, "अकोल्याचं ऊनच बेकार." बाबांनी कूलर आणखी जवळ ओढला. तिसऱ्या घासाला त्याचा हात ताटातच राहिला.

"होत नाही आता."

"राहू द्या, राहू द्या," आई गडबडली. "वर्षे, बस न. तू घेऊन टाक."

"मी नाही," मी म्हणाले. "गाईले टाका. मले नवं ताट दे."

मग आकांक्षाने ताकाचा पेला खाली ठेवला. "आजी, मलेही वाढ. वडे जास्त."

त्या दिवशी आम्ही मायलेकी माझ्या माहेरी पाटावर बसून, आपापल्या ताटात, गरम जेवलो. उरलेलं ताट बाबांनी स्वतः गल्लीत गाईपुढे रिकामं केलं आणि परत आल्यावर जावयाच्या नजरेला नजर दिली नाही.

मला वाटलं, निदान परतीच्या वाटेवर तरी हा गप्प बसेल. कसला बसतो! एसटी अकोल्याबाहेर पडली नाही तोच शेजारच्या गृहस्थांना याने गाठलं. गृहस्थ पोटाचे होते, ओळखीला सुरुवात करायला तेवढं पुरे. "सासुरवाडीले धोंड्याचं होतं," त्याने पट्टा सैल केल्यासारखा केला. "काय सांगू भाऊ, आठ दिवसाचं जेवलो. पण आपली बॉडीच तशी हाय."

आकांक्षा खिडकीशी आजीने दिलेला अनारसा खात होती. तिने मान वळवली. आवाज चढवला नाही, चिडली नाही.

"बाबा, तुमचं जेवण तर गाईनं खाल्लं."

गृहस्थ मोठ्याने हसले आणि त्यांनी शर्ट काही खाली ओढला नाही. कुलदीपरावांनी पट्टा पुन्हा आवळला, त्या खिळ्याने पाडलेल्या भोकापर्यंत, आणि मूर्तिजापूर येईस्तोवर बाहेरची शेतं पाहत राहिले. पोरीने डब्यातून दुसरा अनारसा काढला.

"आई," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली, "रागिणी मॅडमले फोन कर. उद्यापासून मी येऊन राहिली म्हणावं."