तीन कॉम्प्युटर, एक दोर आणि मी हार्ड डिस्क

अहो, इकडे बघा! हाताच्या पंजात मावेल एवढी काळी डबी दिसतेय ना, ती मीच. पोर्टेबल हार्ड डिस्क म्हणतात मला. आज मला नुसतं गप्प पडून राहवत नाहीये, म्हणून माझी कहाणी तुम्हालाच सांगून टाकते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आत चकचकीत तबकडी बसवली, वरून झाकण लावलं आणि खोक्यात बंद केलं. तिथून मी आले कासारवाडीच्या एका दुकानात आणि दुकानातून मिनलच्या हातात. मिनल चाकणला, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत तयार माल तपासायचं काम करते. सुट्टी मिळाली की मोबाइल घेऊन शूटिंग करत फिरते. तिचे वडील भीमराज यावरून कुरकुरायचे, पण मला घेताना दुकानदाराला तेच म्हणाले, "चांगली दणकट दे भाऊ, पोरगी धसमुसळी आहे."

मिनलने मला घरी नेऊन तिच्या विंडोजच्या लॅपटॉपला जोडलं. माझ्यात तेव्हा एनटीएफएस नावाची फाइल सिस्टिम होती. नावाला घाबरू नका. आपण घरात सामान लावतो ना, पीठ खालच्या डब्यात, मसाला वरच्या फळीवर? तशी फाइल कुठे ठेवायची आणि परत कशी शोधायची, याची रीत म्हणजे फाइल सिस्टिम. ज्या कॉम्प्युटरला ती रीत कळते त्याला माझ्यातलं सगळं हाती लागतं. ज्याला कळत नाही त्याच्यापुढे मी भरलेली असूनही परकी. या रीतीपायीच पुढचं सगळं रामायण घडलं!

मिनल शूट करत होती ती कंपनीतल्या बायकांची रस्सीखेचीची टीम. शिफ्ट सुटली की या बायका कंपनीमागच्या मैदानात दोर धरून उभ्या राहायच्या. दोराच्या शेवटच्या टोकाला दुर्गाबाई. हे टोक धरणारीला अँकर म्हणतात. ती ढळली की टीम गेली. दुर्गाबाई कुरुळी गावची सून. बोलायला मऊ, पण दोर कमरेला घेऊन मागे रेलली की जमिनीत खांब पुरल्यासारखी.

या टीमने कंपन्यांच्या स्पर्धेत फायनल मारली! मिनलने ती लढत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात टिपली आणि मोबाइलमधून माझ्यात आणली. काय तो आरडाओरडा, काय ती धूळ! माझी तबकडी गरगरत होती आणि मला वाटत होतं, मीच दोर ओढतेय.

आता साताऱ्याला राज्याची स्पर्धा होती. टीमची नावं सोमवारी कळवायची होती. सगळ्यांची तयारी होती, पण दुर्गाबाईच्या सासूबाई, मंजुळाबाई, हटून बसल्या.

"दोर काय वढायचा? आमी जलमभर हिरीवर वढला, कुनी टाळ्या वाजवल्या न्हाईत. बाईमानसानं मैदानात मातीत लोळायचं, ही काय रीत हाय?"

मैदानात दुर्गाबाई मिनलला म्हणाली, "त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं असतं ना मिनल, तर मला काही सांगावंच लागलं नसतं."

"मग दाखवू की!" मिनल म्हणाली. आणि माझी धावपळ सुरू झाली.

मिनलने मला माण गावी नेलं, वर्षालीकडे. वर्षाली तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिथल्या आयटी कंपनीत कामाला आहे आणि तिच्या मॅकवर, विंडोजहून वेगळ्या जातीच्या लॅपटॉपवर, हौसेने व्हिडिओ जुळवते. मॅकने माझ्यातलं सगळं वाचलं, पण काही लिहायला गेला की ढिम्म. एनटीएफएस त्याला वाचता येतं, लिहिता येत नाही! वर्षाली घाईत होती. तिने माझ्यातल्या फाइली कशाबशा मॅकमध्ये कोंबल्या, मला पुसून मॅकच्या पद्धतीने मांडलं आणि सगळं परत माझ्यात टाकलं. मॅकमध्ये जागा नव्हती म्हणून तिथलं उडवलं. मिनलचा मोबाइल तर आधीच रिकामा झालेला. म्हणजे फायनलची ती लढत आता जगात एकाच ठिकाणी होती. माझ्या पोटात!

पिक्चर झकास जुळला. रविवारी संध्याकाळी मिनल मला घेऊन कुरुळीला गेली. दुर्गाबाईच्या अंगणात टीममधल्या बायका, त्यांची मुलंबाळं, शेजारीपाजारी जमले होते. भिंतीवर पांढरी चादर लावलेली. दुर्गाबाईचे यजमान ज्योतीराम यांनी मित्राचा जुना प्रोजेक्टर आणला होता आणि आपला विंडोजचा लॅपटॉप पुसूनबिसून मांडला होता. मंजुळाबाई मात्र उंबऱ्यात चादरीकडे पाठ करून शेंगा फोडत बसल्या होत्या.

मिनल खुर्च्या लावत होती. ज्योतीरामांनी मला उचलून लॅपटॉपला जोडलं. मी तयारच होते. पण लॅपटॉप माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत राहिला आणि पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्याने मांडणी! मी ओरडत होते, पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार?

"काहीतरी विचारतंय हे," ज्योतीराम म्हणाले.

"हो म्हणा की राव, लोकं खोळंबलीत," मागून कुणीतरी म्हणालं.

त्यांचं बोट बटणावर गेलं. तेवढ्यात पाणी घेऊन आलेल्या दुर्गाबाईची नजर पडद्यावर पडली. तिला इंग्रजीतलं सगळं कळलं असं नाही, पण फॉरमॅट हा शब्द तिने मुलाचा मोबाइल बिघडला तेव्हा ऐकला होता, आणि त्या मोबाइलमधले फोटो परत दिसले नव्हते.

"अहो, थांबा! हात काढा आधी!"

तिने तांब्या तसाच खाली टाकला. पाणी अंगणभर झालं. मिनलने धावत येऊन पाटी वाचली. तिने नको म्हणायचं बटण दाबलं, तेव्हा कुठे मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"पिक्चर न्हाई का?" मंजुळाबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं. "म्या म्हनलंच व्हतं."

मिनलने वर्षालीला फोन लावला. ती ऐकता ऐकताच कपाळावर हात मारून घेत असणार. "कुणीही डिस्कला हात लावू नका! मी मॅक घेऊन निघाले!" म्हणाली, आणि स्कूटरवरून वाकड, नाशिक फाटा, मोशी करत अंगणात हजर झाली. लोक अजून बसून होते. कुणीतरी चहा टाकला होता.

मॅकच थेट प्रोजेक्टरला लावू म्हटलं, तर त्या जुन्या प्रोजेक्टरची वायर मॅकला बसेना. आता मलाच दोघांना कळेल अशी रीत शिकायची होती.

"माझ्या पेनड्राइव्हसारखं करा की," ज्योतीराम म्हणाले. "तो कुठंबी चालतो."

"तो फॅट बत्तीस आहे, दाजी," वर्षाली म्हणाली. "चालतो सगळीकडे, खरंय. पण चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्याच्यात मावत नाही. फायनल मिनलने एका दमात घेतलीय, ती त्याहून मोठी आहे."

"मग तुकडे कर," मिनल म्हणाली.

"नाही!" दुर्गाबाई ठामपणे बोलली. "तुकडे नाही करायचे. आम्ही एकदाही दोर सोडला नव्हता. दिसू दे तसंच."

मग वर्षाली हसली. "मग एक्सफॅट. मोठ्या फाइलीही घेतं, विंडोजही वाचतो-लिहितो, मॅकही. मी पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं."

तिने मॅकमधले स्वतःचे ट्रेकचे व्हिडिओ उडवून जागा केली. माझ्यातलं सगळं तिकडे उतरवलं. फायनल मॅकवर लावून नीट चालते का ते पाहिलं. मगच मला फॉरमॅट केलं. सांगू तुम्हाला, क्षणभर मी अगदी कोरी झाले, नावगाव नसल्यासारखी. आणि मग एकेक फाइल नव्या मांडणीत परत येऊ लागली. दोर आला, धूळ आली, दुर्गाबाई आली!

ज्योतीरामांना धीर धरवेना. त्यांनी माझी केबल धरली.

"दाजी, ओढू नका!" दोन्ही मैत्रिणी एकदम ओरडल्या. "लिहून होऊ दे. मग आधी इजेक्ट करायचं, म्हणजे कॉम्प्युटरला डिस्क सोडायला सांगायचं, मग काढायचं. मध्येच उपटली तर फाइल बिघडते."

ते चटका बसल्यासारखे मागे झाले. बायका खो-खो हसल्या.

अखेर मी विंडोजला भेटले, आणि त्याने मला पहिल्याच नजरेत ओळखलं! चादरीवर मैदान उजळलं. समोरची टीम दांडगी. दोर तिकडे सरकत होता, आपल्या बायकांच्या टाचा मातीतून घासत येत होत्या. आणि टोकाला दुर्गाबाई. डोळे मिटलेले, दातओठ आवळलेले, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. ती ढळली नाही.

उंबऱ्यातला शेंगांचा आवाज थांबला. मंजुळाबाई वळल्या होत्या. मग उठल्या. मग थेट चादरीसमोर येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या डोक्याची सावली पडद्यावर.

"खाली वाक, दुर्गे! टाच रोव! हातानं न्हाई वढायचं, कंबरंनं वढ!" त्या ओरडत होत्या. "आता... आता वढ!"

चादरीवरच्या दुर्गाबाईने तेव्हाच ओढलं. अंगण दणाणलं. शिट्ट्या, टाळ्या, मुलांच्या उड्या! मंजुळाबाई धापा टाकत होत्या, जणू त्यांनीच दोर ओढला होता.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुला वढायचं कळतं, पर तू सुरुवातीला लई ताकद घालवतीस. हिरीचा दोर असा न्हाई वढत. साताऱ्याला म्याबी येनार. सांगायला कुनीतरी पायजेल तुला."

दुर्गाबाईने सासूबाईंचा हात घट्ट धरून ठेवला.

त्यानंतर माझा भाव काय विचारता! टीममधल्या घराघरांतून मी फिरले. कुणाचा लॅपटॉप, कुणाच्या पोराचा कॉलेजचा कॉम्प्युटर, एका घरी तर नवा टीव्ही. सगळीकडे ओळख पटली. माझ्या कोपऱ्यावर पोचा आलाय, वर एका पोराने वाघाचं स्टिकर चिकटवलंय, पण मी खणखणीत आहे. आणि फायनलची दुसरी प्रत आता मिनलच्या लॅपटॉपमध्येही असते. मी कितीही दणकट असले तरी कधी तरी थकणारच. म्हणून सांगते, तुमच्या जिवाभावाचं काही एकट्या माझ्यावर टाकू नका. आणि माझ्यासारखी कुणी नवी घरी आणलीत, तर ती कुणाकुणाच्या कॉम्प्युटरला लागणार आहे ते आधीच विचारा, मग तिची मांडणी ठरवा.

आज मी साताऱ्यात आहे. मैदानाच्या कडेला, मिनलच्या सॅकमध्ये. बाहेर हलकल्लोळ चाललाय. मंजुळाबाईंचा आवाज मी ओळखते, सगळ्यांच्या वर तोच आहे. आत्ता एकदम मोठी आरोळी उठली! आपली की समोरच्यांची? मला इथून काही दिसत नाही हो. मोबाइलमधून लढत माझ्यात उतरेल तेव्हाच मला कळणार.

मिनल, ये ना गं लवकर! जागा आहे माझ्यात, भरपूर आहे. केबल जोड!