तेल्हाऱ्याच्या स्टुडिओतली मांडणी

मी एक जुनी मांडणी आहे. नवल वाटलं ना, मित्रांनो? फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर कुठली पट्टी कुठे बसवायची, काय उघडं ठेवायचं, काय मिटायचं, हे एकदा ठरवून, नाव देऊन जतन करता येतं. तशी मी. तेल्हाऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत दीपमालानं मला लावलं आणि नावही स्वतःचंच दिलं.

दीपमाला डावखुरी. तिनं साऱ्या पट्ट्या ओढून डावीकडे नेल्या आणि नको त्या बंद करून टाकल्या. उजवीकडे मात्र एक छोटी चौकट उघडी ठेवली. फोटो कितीही मोठा केला, मधे नुसतं नाक दिसत असलं, तरी या चौकटीत अख्खा चेहरा दिसत राहतो. आमच्याकडे गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसूनच फोटो करून घेतं ना! लोक दीपमालाचं कौतुक करत, माझं कुणी नाही. असो, मी काही रुसले नाही.

पुढे दीपमाला बहिणीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेली. खुर्चीवर मालक अनुपभाऊ बसले. "काय पसारा करून ठेवला हिनं!" म्हणाले आणि एका क्लिकमध्ये मूळची मांडणी परत आणली. मी यादीत नावापुरती उरले. पसारा म्हणे! मला फार लागलं ते.

अशातच इंदूबाई आल्या. त्यांचा नवरा वारलेला, परवा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं श्रद्धांजलीचा कार्यक्रम, आणि त्याचा एकच फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. अनुपभाऊंनी चेहरा वेगळा काढला, मोठा केला आणि घासूनपुसून चकचकीत केला. इंदूबाई स्टुलावरच होत्या, पण माझी ती चौकट बंद, त्यामुळे त्यांना दिसत होता नुसता एक गाल. प्रिंट हातात आली तशा त्या रडकुंडीला आल्या.

"हे ते नाहीत, बापू. याच्यापुढे मेणबत्ती कशी लावू मी?"

नशीब, दुसऱ्या दिवशी दीपमाला परतली. तिनं यादीतून मला बोलावलं, मूळ फोटो पुन्हा उघडला आणि इंदूबाईंना स्टुलावर बसवलं. चौकटीकडे बोट दाखवून त्या सांगू लागल्या, "कपाळावरचा व्रण राहू दे, माय. बैलानं मारलं होतं त्यायले. अन् डोळा जरासा तिरपाच होता." दीपमालानं मागची माणसं काढली, चेहऱ्यावरची सावली उजळली, बाकी कशाला हात लावला नाही.

इंदूबाई चौकटीकडे बघत राहिल्या आणि एकदम त्यातल्या नवऱ्यावर खेकसल्या, "काहून असे पाहून राहिले जी? उद्या पावणे येऊन राहिले, तोंड तरी नीट करा!"

मग हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याची मांडणी मोडण्याआधी त्याला एकदा विचारा. तिच्यातून कुणाला तरी आपला माणूस दिसत असतो.